दूध कोण आणणार?

"याच्यानंतर एक दिवसानं मला ने." आमची आई रोज संध्याकाळी दिवा लावताना देवाजवळ एवढंच मागते. मी परकरात होते तेव्हापासून ऐकत आले आहे. लहानपणी त्याचा अर्थ कळत नसे. कळू लागला तेव्हा अंगावर काटा आला, कारण 'हा' म्हणजे माझा दादा, आणि आई आपल्या थोरल्या मुलाचं मरण आपल्याआधी यावं असं मागत होती. पुढे अशा मुलांच्या आयांशी ओळखी होत गेल्या, तेव्हा लक्षात आलं की हे मागणं आमच्या एकट्याच्या देवघरातलं नाही. शिवडीला शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट पाहत बसणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तरी हेच मागत असत. एकमेकींना ते सांगतही असत, आणि सांगताना कोणी रडत नसे.

दादा आता ५२ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. आई ७९ वर्षांची. मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, आणि आमच्यात शेंडेफळ असलेला भाऊ बंगळुरूला असतो.

दादा जन्मला तेव्हा डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की अशी मुलं फार जगत नाहीत, जीव लावून घेऊ नका. त्या काळच्या मानानं ते खोटं नव्हतं. १९८३च्या सुमाराससुद्धा अमेरिकेसारख्या देशात डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षांचं धरलं जात होतं. आज तिथे ते साठीच्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, जंतुसंसर्गावर औषधं आली आणि मुलं संस्थांतून न वाढता घरात वाढू लागली. आपल्याकडेही चाळिशी-पन्नाशीची अशी माणसं आता दिसतात. म्हणजे जो प्रश्न आमच्या आजीच्या पिढीला फारसा पडलाच नाही, तो आईच्या पिढीपुढे येऊन उभा राहिला. मूल आईवडिलांच्या मागे राहणार, आणि त्यातून म्हातारंही होणार. या लोकांना विस्मरणाचा आजार इतरांपेक्षा पुष्कळ लवकर, पन्नाशीच्या आसपासच गाठू शकतो. हेही आम्हाला फार उशिरा कळलं.

बाबा रेल्वेत होते, माटुंग्याच्या वर्कशॉपात. लालबागच्या चाळीतून आम्ही सानपाड्याला आलो ते १९९४ साली. गाडी नुकतीच वाशीच्या पुढे धावू लागली होती. स्टेशन हे एवढं थोरलं आणि उतरणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पावसाळ्यात घरापर्यंत चिखल, भाजीला वाशी गाठावी लागे, आणि वारा तुर्भ्याकडून आला की घाऊक बाजारातल्या कांद्या-मसाल्याचा वास थेट स्वयंपाकघरात. नातेवाईक म्हणाले, "या मुलाला घेऊन कुठे रानात चाललात?" आईचा हिशेब वेगळा होता. चाळीत दादाला सगळे ओळखत, पण त्याची चेष्टाही चाळभर चाले. १९९१ साली 'चौकट राजा' लागला, तेव्हा पोरं त्याला आधी ज्या नावानं हाक मारत ते सोडून 'चौकट राजा' म्हणू लागली. बढतीच म्हणायची ती! सानपाड्याला रस्ते रुंद, वाहनं तुरळक. इथे हा एकटा चालू शकेल, हे आईनं पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

आणि तो चालू लागला. दुधाच्या केंद्रापर्यंत जायचं, नेमके पैसे द्यायचे, पिशव्या घ्यायच्या, परत यायचं. एवढं शिकायला त्याला सात महिने लागले. त्यातले पहिले चार महिने आई रोज पहाटे त्याच्या मागून पन्नास पावलांवर, दिव्याच्या खांबाआड लपत चालत होती. त्याला ते कधी कळलं नाही असं ती म्हणते. मला खात्री नाही. आज तीस वर्षं झाली, दादा सकाळी सहाला बाहेर पडतो. आता तो आमच्या जिन्यातल्या चार घरांचं दूध आणतो. त्यातल्या दोन घरांत एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत, आणि दार उघडायला वेळ लागला तर तो आईला येऊन सांगतो.

२०२३च्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, मग अकरा दिवस रुग्णालयात. माझं घर सानपाड्यातच, दोन सेक्टर सोडून. मी दादाला घरी आणलं. मनात म्हटलं, पन्नास वर्षं याच्याबरोबर काढली आहेत, अकरा दिवसांचं काय मोठंसं?

पहिल्याच रात्री तो झोपला नाही. दिवा मालवला की उठून बसे. थायरॉइडची गोळी दिली की थुंकून टाके. तिसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. तासभर आम्ही मोराज सर्कलपासून दत्तमंदिरापर्यंत रिक्षानं फिरलो. तो सापडला आईच्या जिन्यात. चार घरांना दूध देऊन झालं होतं आणि पाचवी पिशवी मांडीवर घेऊन तो आमच्या कुलूप लावलेल्या दारासमोर बसला होता.

चौथ्या दिवशी, आई थोडी शुद्धीवर आल्यावर, मी तिला गोळीचं विचारलं. ती म्हणाली, "अगं, त्याच्या तळहातावर ठेवायची. आपण द्यायची नाही. आणि 'एक, दोन, साडेमाडे तीन' म्हणायचं. तीनला तो आपणहून टाकतो." झोपेचंही तसंच. दाराची कडी लावायची आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, "शेवटची गाडी गेली." बाबा रात्रपाळीहून येत तेव्हापासूनची ही पद्धत. गाडी गेली म्हणजे आता कोणी यायचं राहिलेलं नाही, झोपायला हरकत नाही. यातलं मला काहीसुद्धा माहीत नव्हतं. आईच्या डोक्यात हे असलं केवढं सामान भरलेलं आहे, आणि ते तिच्याबरोबरच जाणार आहे, या विचारानं मी त्या रुग्णालयाच्या बाकावर गार पडले.

आई घरी आल्यावर मी दोनशे पानी वही आणली. आधी ती तयार होईना. "मी आहे ना अजून," म्हणाली. मग पडल्या पडल्या सांगू लागली तशी थांबेना. दात दुखला की तो कान धरतो, तेव्हा डॉक्टरांनी कानात बघून सोडून द्यायचं नाही. फुग्यांना भितो. केस कापणाऱ्यानं मशीन काढलं की खुर्चीतून उठतो, त्याला कात्रीच हवी. 'नको' म्हणाला तर नको, पण 'नको नको' असं दोनदा म्हणाला तर हवं आहे. पेनिसिलिननं अंगावर पित्त उठतं. पैशात नाणी ओळखतो, नोटांत दहाची आणि वीसची. कुणाकडे राहिला तर तिसऱ्या दिवशी रडतो, चौथ्या दिवशी रमतो. (मी त्याला तिसऱ्या दिवशी शोधत फिरत होते.) कुठल्याही वकिलाला किंवा विमा एजंटला या वहीतलं एक पान लिहिता आलं नसतं. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांना मी पैशाच्या गोष्टी नंतर सांगते, आधी म्हणते, वही आणा.

विम्याचे कागद शोधताना त्या दिवसांत मला कपाटात आणखी एक कागद सापडला. त्याच्याविषयी लिहावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले.

बाबा २०१६ साली गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. 'आपल्यात कुठे भांडणं आहेत' असं म्हणणाऱ्या पिढीतले ते. तेव्हा घराचे वारस चार: आई आणि आम्ही तिघं, प्रत्येकी चौथा हिस्सा. दादाचाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचं २८वं कलम सांगतं की आजार, व्यंग किंवा शारीरिक दोष या कारणानं कोणाचाही वारसाहक्क जात नाही. हे आपल्याला स्वाभाविक वाटतं, पण ते फार जुनं नाही. १९२८ साली इंग्रज सरकारनं व्यंगामुळे वारसा नाकारण्याची जुनी रूढी कायद्यानं मोडली, तेव्हासुद्धा जन्मतः वेडसर किंवा बुद्धिहीन मानलेल्या माणसांना त्यातून वगळलं होतं. म्हणजे दादा पन्नास वर्षं आधी जन्मता तर वडिलांच्या घरात त्याला कायद्यानं पोटाला मिळालं असतं, हिस्सा नव्हे.

बाबांच्या वर्षश्राद्धानंतर मी आणि धाकट्यानं ठरवलं की घर आईच्या एकटीच्या नावावर असावं, म्हणजे पुढचे व्यवहार सोपे. हेतूत काही काळंबेरं नव्हतं. हक्कसोडपत्राचा मसुदा तयार झाला. करून देणाऱ्या गृहस्थांनी दादाकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "यांना सही येते ना? मग झालं तर."

दादाला सही येते. शाळेनं शिकवली आहे. जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरत, चार-चार मिनिटं घेऊन तो सही करतो आणि वरची रेघ मारायला कधी विसरत नाही. त्या दिवशीही त्यानं केली. आमच्या सगळ्यांच्या सह्यांत तीच देखणी होती. मग मान वर करून तो आमच्याकडे पाहून हसला. एरवी त्यानं सही केली की आम्ही टाळ्या वाजवतो. त्या दिवशी कोणी वाजवल्या नाहीत.

तो कागद नोंदणीला गेला नाही. आमची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असं लिहायला मला आवडलं असतं. खरी गोष्ट अशी की धाकट्याची रजा संपली, मग राहून गेलं. ज्याला करार समजत नाही त्यानं केलेला करार १८७२च्या करार कायद्यापुढे टिकत नाही, हे मला नंतर कळलं. पण टिकला असता की नाही हा माझ्या मनातला प्रश्नच नाही. त्याच्या नावावर जगात एकच गोष्ट होती, आणि ती आम्ही त्याच्याकडून सहजी काढून घ्यायला निघालो होतो, तेही त्याची काळजी म्हणून. कोणी परक्यानं हे केलं असतं तर आम्ही पोलिसांत गेलो असतो.

आता आमच्या सोसायटीत पुनर्विकासाचं वारं आहे आणि प्रत्येक वारसाच्या संमतीचा प्रश्न पुन्हा निघाला आहे. यावेळी रीतसर जायचं ठरवलं.

रीतसर म्हणजे काय, हे बहुतेक घरांना ठाऊक नसतं. आम्हालाही नव्हतं. मूल कसंही असो, ते १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत सज्ञान होतं आणि आईवडील त्याचे नैसर्गिक पालक उरत नाहीत. म्हणजे जवळपास ३४ वर्षं आई दादाच्या वतीनं ज्या सह्या करत आली त्यांना आधार काही नव्हता. सगळे चांगुलपणानं चालवून घेत होते, आणि एक दिवस एका बँकेतल्या नव्या अधिकाऱ्यानं चालवून घेतलं नाही, इतकंच. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

यासाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. (मतिमंद हा शब्द आता सरकारी कागदांतून जातो आहे, बौद्धिक अक्षमता म्हणतात. आई म्हणते, "शब्द बदला हवे तेवढे, पण फॉर्म एकच ठेवा.") या कायद्याखाली जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. पालक नेमण्याचा अर्ज तिच्याकडे करायचा. आईबाप, भावंडं, नातेवाईक किंवा संस्थाही पालक होऊ शकते. नेमणूक झाली की सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत दरवर्षी हिशेब. पालकानं हेळसांड केली किंवा पैसे खाल्ले तर त्याला काढताही येतं. मला हा भाग सगळ्यात आवडला. आमच्या घरात माझ्यावर विश्वास सगळ्यांचा आहे, पण तो कागद सापडल्यापासून माझा माझ्यावर तितकासा नाही. कोणीतरी दरवर्षी हिशेब मागावा हे बरं.

यात एक गुंता आहे तोही सांगते. २०१६चा अपंग हक्कांचा कायदा थोडी वेगळी भाषा बोलतो. तो 'मर्यादित पालकत्व' म्हणतो. एखाद्या ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, आणि त्या माणसाची इच्छा विचारात घेऊन, दोघांनी मिळून निर्णय. २००७ साली भारतानं संयुक्त राष्ट्रांचा जो करार मान्य केला त्याचा हा परिणाम. पूर्वी कायदा विचारी, याच्यासाठी कोण ठरवणार? आता विचारतो, याच्याबरोबर कोण ठरवणार? दोन्ही कायदे आजही शेजारी शेजारी नांदतात आणि जाणकारांत वाद आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर नेमणूक जुन्या कायद्यानं घ्यावी आणि वागावं नव्या कायद्याप्रमाणे.

पैशाचं थोडक्यात. बाबा रेल्वेचे, त्यामुळे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि तिच्यामागे ते दादाला तहहयात मिळू शकतं. अपंग अपत्यासाठी ही तरतूद आहे आणि केंद्रानं २०२१ साली त्यातली उत्पन्नाची अट सैल केली. पण त्याचं नाव, वैद्यकीय प्रमाणपत्र हे सारं आईच्या हयातीत कार्यालयात पोचलेलं बरं. मागाहून धावपळ करणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विम्याची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची, आधी वैद्यकीय तपासणी न करता मिळणारी. प्राप्तिकरात सवलत देणाऱ्या ज्या विमा पॉलिसी पूर्वी होत्या त्यांत पालक जिवंत असेपर्यंत मुलाला छदाम मिळत नसे. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१९मध्ये न्यायालयानं सरकारला फेरविचार करायला सुचवलं, आणि २०२२ साली नियम बदलून पालक साठीचा झाल्यावर मुलाला रक्कम सुरू होण्याला मुभा मिळाली. आणि एक गोष्ट, जी आमच्या सोसायटीच्या चिटणीसांनाही पटवून द्यावी लागली: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ज्याच्यासाठी ठेवायचं त्याच्यासाठी मृत्युपत्र किंवा १८८२च्या कायद्याखालचा खाजगी विश्वस्तनिधी हवा, आणि त्यात एका विश्वस्तामागे दुसरा लिहिलेला हवा, कारण विश्वस्तही मरतात.

हे सगळं जुळवताना एका रात्री बंगळुरूला फोन लागला. धाकटा म्हणाला, "ताई, पैशाचं तू बघू नकोस, मी पाठवीन." मी म्हटलं, "मग राहायला माझ्याकडे." नवरा शेजारी बसला होता, काही बोलला नाही. तेव्हा माझी मुलगी, २२ वर्षांची, आतून म्हणाली, "आणि तुझ्यानंतर मी, असंच ना? मामाला मी बघेन गं. पण मला एकदा विचाराल तरी?" खोलीत शांतता झाली. तिचं बरोबर होतं. मलाही कोणी विचारलं नव्हतं. आईनं गृहीत धरलं, मी धरून दिलं, आणि मी तेच तिच्या अंगावर ढकलत होते.

मग संस्थांचं बघितलं. आईचा या शब्दालाच विरोध. १९९४च्या फेब्रुवारीत तिनं वर्तमानपत्रात वाचलं होतं की शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली. राज्यभर गदारोळ झाला होता. दादा मुलगा आहे, तरी ते कात्रण तिनं जपून ठेवलं. पण सगळ्या संस्था सरकारी नाहीत, आणि महाराष्ट्रात यातलं मोलाचं काम आईबापांनीच केलं आहे. दादा ज्या शिवडीच्या जय वकील शाळेत शिकला, ती १९४४ साली वकील दांपत्यानं आपल्याच मुलीपायी सुरू केली. पुण्यात सिंधूताई जोशींनी १९६४ साली 'कामायनी' काढली. पण शाळा अठराव्या वर्षी संपते आणि माणूस घरी येऊन बसतो. पुढचं आयुष्य कुठे, याचं उत्तर शोधायला पालकच पुन्हा एकत्र आले. बदलापूरचं 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल'. आपल्यामागे मुलांना कायमचं घर हवं म्हणून आईबापांनी उभी केलेली ही ठिकाणं. कोळवणच्या खोऱ्यातलं 'साधना व्हिलेज' प्रौढांसाठी, खेड्यातल्या घरासारखं. आमच्या वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. इथल्या आजच्या मुलांना दादापेक्षा कितीतरी बरे दिवस आहेत. पण तीही मुलं चाळिशीची होतील, तेव्हा राहण्याची जागा लागेलच, आणि चांगल्या ठिकाणी जागा रिकामी होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

एका वसतिगृहात मी दिवसभर बसून आले. नाव लिहीत नाही, जागा स्वच्छ होती, माणसं प्रेमळ होती. एक साठीकडचे गृहस्थ कॉटवर बसून एकाच रुमालाच्या घड्या घालत होते. तिथल्या बाई म्हणाल्या, "आई गेली त्याच आठवड्यात आणून सोडलं. सहा महिने बोलले नाहीत." शेजारच्या कॉटवरचा जरा तरुण माणूस मला आपलं कपाट दाखवत होता. तो आई असतानाच शनिवार-रविवार यायला लागला होता, चार वर्षं. ती गेल्यावर तो रडला, पण आपल्या कपाटापाशी येऊन रडला. हे त्या बाईंचे शब्द. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दादाला विचारायचं ठरलं. पण कसं? 'आई गेल्यावर' हे शब्द आईनं उच्चारू दिले नाहीत. मग वसतिगृहाचे फोटो आणले, माझ्या घराचे, आईच्या घराचे. त्यानं फोटो नीट पाहिले, कॉटी मोजल्या, माझ्या घरच्या फोटोवर बोट ठेवून "इथे पंखा आवाज करतो" म्हणाला. मी विचारलं, "दादा, तू इथे राहायला गेलास तर?" तो बराच वेळ विचार करत राहिला. मग त्यानं विचारलं, "दूध कोण आणणार?"

मी सांगितलं, आणेल कोणीतरी. त्याला ते मुळीच पटलं नाही. त्यानं जिन्यातल्या चारही घरांची नावं घेतली, कोणाच्या किती पिशव्या ते सांगितलं, आणि प्रत्येक नावानंतर माझ्याकडे पाहिलं. आम्ही सगळे इतकी वर्षं 'दादाला कोण बघणार' यात अडकलो होतो. तो कोणाकोणाला बघतो हे आमच्या यादीत कुठे नव्हतं.

कॅनडात व्हँकुव्हरला १९८९ साली अशाच काही आईबापांनी मिळून एक संस्था काढली. आपण मेल्यावर मुलाजवळ पैसा असेल, पण त्याचं नाव घेऊन हाक मारणारं कोण असेल, हा त्यांचा प्रश्न. प्रत्येक मुलाभोवती पाच-सात माणसांचं कडं हौसेनं नव्हे, ठरवून उभं करायचं, ही त्यांची रीत. पुढे त्यांच्याच रेट्यामुळे तिथल्या सरकारनं २००८ साली अपंगांसाठी बचतीची खास योजना आणली. आपल्याकडे गल्लीत अशी कडी आपोआप असतात असा आपला समज आहे. सानपाड्यात आता मजले चढत आहेत, लिफ्टमध्ये लोक एकमेकांना ओळखत नाहीत. तेव्हा आपोआपवर मी विसंबत नाही. दूध केंद्रवाले काका, त्यांचा मुलगा, स्टेशनबाहेरचे एक रिक्षावाले, खालचा वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, माझी मुलगी (विचारून). यांचे फोन वहीच्या पहिल्या पानावर आहेत आणि प्रत्येकाला मी घरी जाऊन विचारलं आहे, यात नाव लिहू का? एकानं नाही म्हटलं. तेही बरंच झालं.

ठाण्याचा अर्ज आता गेला आहे, पालक म्हणून माझं नाव आणि आईची संमती. सानपाड्याहून ठाण्याची थेट गाडी आहे, दादाला ती हार्बरच्या गाडीहून अधिक आवडते. तो जुना कागद मी फाडला. दादाचा चौथा हिस्सा त्याच्या नावावरच राहील. नव्या इमारतीत जागा मिळेल तेव्हा काय करायचं ते आम्ही त्याच्याबरोबर बसून ठरवू, आणि त्याला समजायला जितका वेळ लागेल तितका बिल्डरला थांबावं लागेल. शनिवारी रात्री तो माझ्याकडे झोपतो. तिसऱ्या दिवशी रडण्याचा प्रश्न येत नाही, कारण रविवारी तो परत जातो. आईला न सांगता आम्ही ते एकाचे दोन दिवस करणार आहोत. पहाटे माझ्या घरून दूध केंद्र वीस मिनिटांवर आहे. पहिले काही आठवडे मी त्याच्या मागून, खांबाआड लपत चालले. एकदा तो वळून म्हणाला, "ये ना बरोबर." तेव्हापासून बरोबर जाते.

वसतिगृहाचं नावही नोंदवून ठेवलं आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

आई दिवा लावताना अजून तेच मागते. परवा मी जवळ बसले होते. मागून झाल्यावर तिनं हात जोडलेलेच ठेवले, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वही आण गं. चपला घेताना त्याला एक नंबर मोठी घ्यायची, हे लिहिलं नाहीस."